‘जमीन गेली’ आणि ‘जमीन देणार नाही’ : चळवळीच्या वक्तृत्वाच्या अभ्यासाविषयी

१. विषयाची मांडणी

सामाजिक चळवळी आणि साहित्य यांच्या परस्परसंबंधाचा विचार मराठी समीक्षेत विपुल प्रमाणात झाला आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्या परंपरेपासून दलित, ग्रामीण आणि स्त्रीवादी साहित्यापर्यंत चळवळीच्या प्रेरणेतून कोणते वाङ्मय निर्माण झाले, त्यात कोणती जीवनदृष्टी व्यक्त झाली, या प्रश्नांची चर्चा आपल्या विद्यापीठीय अभ्यासात स्थिरावलेली आहे. तथापि, स्वतः चळवळ जी भाषा वापरते तिचा विचार मात्र या चर्चेच्या कडेलाच राहिलेला दिसतो. सभेतील भाषण, शपथ, घोषणा, हस्तपत्रक, सरकारला पाठविलेला अर्ज, कोर्टातील निवेदन या साऱ्या भाषिक कृती आहेत. इतिहासकार त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहतो आणि राज्यशास्त्रज्ञ भूमिकेचे निदर्शक म्हणून. साहित्याचा अभ्यासक मात्र त्यांना ‘प्रचारकी’ या एका विशेषणाखाली बाजूला ठेवतो.

पदव्युत्तर स्तरावर हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : ‘यात वाङ्मय कोठे आहे?’ प्रस्तुत लेखकापुढेही तो आला. प्रश्न गैरलागू नाही. मात्र त्याचे उत्तर वाङ्मयीन मूल्यांची यादी पुढे करून देता येणार नाही. शब्दांनी माणसे कृतीस प्रवृत्त कशी होतात आणि कोणत्या शब्दांपाशी ती थांबतात, हा प्रश्न भाषेचाच आहे; आणि भाषेच्या सूक्ष्म वाचनाचे शिक्षण ज्याला मिळाले आहे त्यानेच तो हाती घ्यावयास हवा.

हे विवेचन एका उदाहरणाच्या आधारे केले आहे. ते उदाहरण म्हणजे १९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रह. निवडीमागे एक स्थानिक कारणही आहे. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे आज सर्वांना ठाऊक झालेली हिंजवडी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात मोडते. तालुक्याच्या पश्चिमेकडे शंभर वर्षांपूर्वी धरणासाठी जमिनी गेल्या. पूर्वेकडे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या. एकाच तालुक्याच्या दोन टोकांवर जमिनीविषयी कोणती भाषा बोलली गेली, याची तुलना अभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

२. अभ्यासाची साधने

वक्तृत्वाची शास्त्रीय चिकित्सा ॲरिस्टॉटलपासून सुरू होते. वक्त्याचे शील, श्रोत्यांची भावावस्था आणि युक्तिवाद ही मन वळविण्याची तीन साधने त्याने सांगितली. परंतु त्याच्यासमोर होता तो एक वक्ता आणि एक सभा. चळवळीत वक्ते अनेक असतात, श्रोते विखुरलेले असतात आणि भाषण वर्षानुवर्षे चालू राहते. ही अडचण ओळखून अमेरिकेत लेलँड ग्रिफिन यांनी १९५२ मध्ये एखाद्या भाषणाऐवजी संपूर्ण चळवळ हाच अभ्यासाचा घटक मानावा, अशी सूचना केली. हर्बर्ट सायमन्स यांनी १९७० मध्ये तीत महत्त्वाची भर घातली. चळवळीच्या नेत्याला अनुयायी जमवावे व टिकवावे लागतात, व्यापक समाजाकडून आपली मागणी मान्य करून घ्यावी लागते आणि विरोधाला तोंड द्यावे लागते. ही कामे परस्परविरोधी भाषा मागतात. अनुयायांना चेतविणारे वाक्य मध्यस्थाला दूर लोटू शकते. केनेथ बर्क यांनी १९५० मध्ये मांडलेली तादात्म्याची कल्पनाही येथे उपयोगी पडते. श्रोत्याला ‘हा आपलाच आहे, आपल्याच भाषेत बोलतो आहे’ असे वाटल्याखेरीज त्याचे मन वळत नाही, असा तिचा आशय आहे.

या पाश्चात्त्य साधनांबरोबर आपल्या परंपरेतील एका साधनाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. आपण भारतीय काव्यशास्त्र रस, ध्वनी, वक्रोक्ती यांपाशी थांबवतो. पण शब्द माणसाला कृतीस कसा प्रवृत्त करतो, या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार केला तो मीमांसकांनी. कर्तव्य सांगणारे वाक्य म्हणजे विधी. त्या कर्तव्याची स्तुती किंवा त्याच्या विरुद्ध गोष्टीची निंदा करून विधीला बळ देणारे वाक्य म्हणजे अर्थवाद. विधिवाक्यात श्रोत्याला प्रवृत्त करण्याची जी शक्ती असते तिला त्यांनी शाब्दी भावना म्हटले. श्रोत्याच्या ठायी जागृत होणाऱ्या प्रयत्नाला आर्थी भावना म्हटले. प्रत्येक भावनेला तीन आकांक्षा असतात : काय साधायचे, कशाने साधायचे आणि कोणत्या रीतीने साधायचे.

यज्ञकर्माच्या संदर्भात घडलेल्या या संकल्पना चळवळीला सरसकट लावता येणार नाहीत, हे उघड आहे. वेदवाक्याला मीमांसकांनी अपौरुषेय मानले. चळवळीच्या वाक्यामागे मात्र नेहमीच कोणीतरी माणूस उभा असतो आणि तो कोण, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. तरीही घोषणा हा विधी आणि भाषणे, पोवाडे, लेख हा अर्थवाद, अशी विभागणी केली की चळवळीच्या पसरट भाषाव्यवहारात एक क्रम दिसू लागतो. मुळशीच्या बाबतीत तर ‘काय, कशाने, कोणत्या रीतीने’ हे तीन प्रश्न क्रमाक्रमाने कसे निसटत गेले, हेही त्यामुळे कळते.

३. मुळशीचा प्रसंग

टाटांच्या जलविद्युत योजनांपैकी खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते कोकणात सोडायचे आणि निर्माण होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना व शहराला पुरवायची, अशी ही योजना. तिसऱ्या टप्प्यासाठी नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळची जागा निवडण्यात आली. धरणाच्या पाण्याखाली मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या. मावळातील भाताची ही खाचरे पिढ्यान् पिढ्या कसली जात होती. कसणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मात्र कागदोपत्री मालक नव्हते. जमिनीचा मोठा भाग पुण्यातील सावकारांकडे गेलेला होता. ही वस्तुस्थिती पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि सत्याग्रहास आरंभ झाला. विनायकराव भुस्कुटे हे या आंदोलनाचे एक प्रमुख संघटक होते. लवकरच पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांना या सत्याग्रहात १९२२ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. अटका व शिक्षा होत राहिल्या. आंदोलन ओसरत असताना डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी सहकाऱ्यांसह बांधकामाची रेल्वे अडविण्याचे सशस्त्र कृत्य केले आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

या लढ्याचा सविस्तर अभ्यास राजेंद्र व्होरा यांनी ‘मुळशी सत्याग्रह’ या ग्रंथात केला असून धरणविरोधी आंदोलनांच्या इतिहासातील त्याचे आद्यत्व त्यांनी पुढे आणले. भुस्कुटे यांचे लेखन हे प्रत्यक्ष सहभागी कार्यकर्त्याचे कथन म्हणून मोलाचे आहे. प्रस्तुत लेखात घटनाक्रमाची पुनरुक्ती करण्याचा हेतू नाही. प्रश्न आहे तो लढ्याच्या भाषेचा.

४. ‘जान किंवा जमीन’

मुळशी सत्याग्रहाची घोषणा म्हणून ‘जान किंवा जमीन’ हे तीन शब्द प्रसिद्ध आहेत. त्यांचे सावकाश वाचन केले असता काही गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट ध्वनीची. ‘जान’मधील दोन्ही व्यंजने ‘जमीन’मध्ये जशीच्या तशी येतात, दुसरा शब्द जणू पहिल्याचाच विस्तार वाटतो. त्यामुळे प्राण आणि भूमी यांचे समीकरण अर्थाने पटण्याआधीच कानाला पटते. दुसरी गोष्ट शब्दांच्या कुळाची. दोन्ही नामे फारसीतून आलेली आहेत. नेत्यांच्या संस्कृतप्रचुर गद्यात ‘प्राण’ आणि ‘भूमी’ शोभले असते. मावळातील कुळाच्या तोंडी आणि महसुलाच्या कागदात मात्र शब्द होता तो ‘जमीन’. शाहिराच्या परंपरेत जिवाला ‘जान’ म्हणणेही परके नव्हते. बर्क ज्याला तादात्म्य म्हणतात ते येथे शब्दनिवडीच्या पातळीवर साधलेले आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची. या घोषणेत क्रियापद नाही. त्यामुळे ‘कोणी, काय करायचे’ हे श्रोत्याने पुरवायचे असते आणि श्रोता बदलला की क्रियापद बदलते. कंपनीने ती ऐकली तर अर्थ होतो : आमचे प्राण घ्या, किंवा जमीन सोडा. मावळ्याने ऐकली तर : जमीन राख, किंवा प्राण दे. एकच वाक्य प्रतिपक्षाला आव्हान देते आणि स्वपक्षाला शपथ घालते. सायमन्स यांनी दाखविलेली भिन्न श्रोत्यांची अडचण या घोषणेने क्रियापद गाळून तात्पुरती सोडविली आहे.

यातील ‘किंवा’ हे अव्यय मात्र सर्वांत अधिक काम करते. विकल्प दोनच आहेत, असे ते ठामपणे सांगते. तिसरा विकल्प होता, तो सर्वांना माहीत होता आणि नेमका तोच या वाक्यात उच्चारलेला नाही. तो म्हणजे पैसा. जमिनीला किंमत असते, ती मोजून दिली की प्रश्न मिटतो, ही कायद्याची आणि कंपनीची भूमिका होती. घोषणा तिचा प्रतिवाद करीत बसत नाही. ती या भूमिकेला वाक्यात जागाच देत नाही.

घोषणेच्या विधीला बळ देणारा अर्थवादही समृद्ध होता. ‘मावळा’ हा शब्द एकाच वेळी मुळशीच्या शेतकऱ्याचे प्रादेशिक नाव आणि शिवकालाचे स्मरण होता. भात लावणारा, कर्जात बुडालेला माणूस त्या नावाने इतिहासाचा वारस ठरत होता. आरंभासाठी निवडलेली रामनवमी, ‘सेनापती’ ही उपाधी, सत्याग्रहींच्या तुकड्या यांमुळे निःशस्त्र प्रतिकाराला रणाची परिभाषा मिळाली. तिने लोकांना उभे केले यात शंका नाही. पण तिच्यात एक ताणही होता. ज्या अर्थवादात स्तुती शौर्याची आहे, त्याला शांतपणे बसून राहण्याची रीत फार काळ पेलत नाही. १९२४ मधील रेल्वेवरील कृत्याची कारणे अर्थातच केवळ भाषिक नव्हती. परंतु ‘कोणत्या रीतीने’ या तिसऱ्या आकांक्षेविषयीचा संदेह या लढ्याच्या शब्दकळेत आधीपासून होता, असे म्हणता येईल.

५. तिसरा विकल्प आत येतो

प्रतिपक्षाच्या भाषेचे वाचन केल्यावाचून चळवळीच्या वक्तृत्वाचा अभ्यास अपुरा राहतो. येथे प्रतिपक्षाची मुख्य संहिता होती १८९४ चा भूमिसंपादन कायदा. त्यातील कळीची संकल्पना ‘सार्वजनिक प्रयोजन’. कंपनीसाठीही सरकारने जमीन संपादन करून देण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. अशा संहितांची वाक्यरचना पाहण्यासारखी असते : ‘जमीन संपादन करण्यात येत आहे’, ‘नुकसानभरपाई देण्यात येईल’. कर्मणी वळणाच्या या रचनेत कर्ता अध्याहृत राहतो. कोण घेत आहे, हे सांगण्याची व्याकरणालाच गरज पडत नाही. ‘सार्वजनिक’ या विशेषणाने तर ज्याची जमीन जाते तोही घेणाऱ्यांत समाविष्ट होतो. आपलीच वस्तू आपल्याच हितासाठी आपणच घेत आहोत, असे त्याला मानावे लागते. गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त मुळशीविषयी लिहिताना नेमके येथे बोट ठेवले. त्यांनी टाटांना कायदेशीर हक्कावर अडून न राहता लोकांशीच बोलावे असे आवाहन केले आणि एका जरी गरिबाच्या इच्छेविरुद्ध लाभ घडवायचा असेल तर त्या लाभाची किंमत काय, असा प्रश्न उपस्थित केला. कर्मणी रचनेत हरवलेला कर्ता आणि बहुसंख्येच्या हितात हरवलेला एक माणूस, दोघांनाही या प्रश्नाने समोर आणले.

लढ्याला खरी ओढाताण सोसावी लागली ती मात्र आतून. कसणाऱ्या कुळाला जमीन हवी होती. कागदोपत्री मालक असलेल्या सावकाराच्या दृष्टीने योग्य भरपाई मिळाली तर जमीन सोडण्यात तोटा नव्हता. पुण्यातील पुढाऱ्यांतही भरपाई वाढवून घेऊन प्रश्न सोडवावा, असे मानणारा वर्ग होता. ‘किंवा’ने वाक्याबाहेर ठेवलेला तिसरा विकल्प अशा रीतीने आत आला. एकदा ‘किती?’ हा प्रश्न उच्चारला गेला की ‘जान किंवा जमीन’ हे वाक्य टिकत नाही. कारण ज्या वस्तूची किंमत ठरू शकते ती प्राणाच्या बरोबरीची राहत नाही. मीमांसेच्या भाषेत सांगायचे तर ‘काय साधायचे’ याच आकांक्षेला दोन उत्तरे झाली.

या अपयशाचा दोष घोषणेला द्यावा काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. सरकार, भांडवल आणि कायदा यांच्या एकवटलेल्या बळापुढे लढा हरला. वक्तृत्वाच्या अभ्यासकाने शब्दांना सर्वशक्तिमान मानण्याचा मोह टाळावयास हवा. परंतु लढा कोठे दुभंगला हे पाहावयाचे झाल्यास तो दुभंग एका शब्दापाशी स्पष्ट दिसतो, आणि तो शब्द ‘भरपाई’ हा आहे.

६. मुळशीनंतरची शब्दकळा

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात धरणे व प्रकल्प वाढले तसे जमीन गमावणाऱ्यांचे नावही बदलले. मुळशीतील माणूस ‘मावळा’ होता, ‘सत्याग्रही’ होता. पुढे तो ‘धरणग्रस्त’, ‘प्रकल्पग्रस्त’ झाला. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रहणातील सूर्य राहुग्रस्त असतो. या सामासिक शब्दात माणसाची ओळख त्याला गिळणाऱ्या वस्तूवरून होते. कायद्याने त्याहून सौम्य शब्द निवडला. राज्याच्या १९७६ च्या अधिनियमात तो ‘विस्थापित’ आहे, १९८६ व १९९९ च्या अधिनियमांत ‘प्रकल्पबाधित’. विस्थापिताला निदान आपले स्थान सोडावे लागले आहे; बाधिताला केवळ बाधा झाली आहे. शब्द जसा व्यापक होत गेला, तशी त्यातील हानीची तीव्रता निवळत गेली.

चळवळीने ‘ग्रस्त’ हाच शब्द स्वीकारला आणि त्यालाच हक्काचे अधिष्ठान दिले, हे मात्र नोंदविले पाहिजे. बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या धरणग्रस्तांच्या आंदोलनातून ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी रूढ झाली. ‘जान किंवा जमीन’शी तिची तुलना केली तर अव्ययांतील फरक बोलका आहे. ‘किंवा’च्या जागी ‘आधी… मग’ आले. विकल्पाच्या जागी क्रम आला. धरण नको, असे ही घोषणा म्हणत नाही. कोणत्या क्रमाने, एवढेच ती विचारते. मुळशीच्या तुलनेत ही माघार आहे काय? एका अर्थी आहे. पण या ‘आधी’ने कायद्यात प्रवेश मिळविला, हेही तितकेच खरे. नर्मदा आंदोलनाने ‘कोई नहीं हटेगा, बांध नहीं बनेगा’ म्हणत पुन्हा नकाराची भाषा उचलली, तेव्हा ती मुळशीच्या परंपरेकडे परतत होती.

पुणे जिल्ह्यातच चाकण येथे कांद्याच्या भावावरून १९७८ ते १९८० या काळात आंदोलन झाले आणि शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा दिली. मुळशीने वाक्याबाहेर ठेवलेली किंमत चाकणने वाक्याच्या केंद्रस्थानी आणली. तरीही दोन्ही घोषणांत विसंगती मानण्याचे कारण नाही. चाकणला विकायचे होते ते पीक, जमीन नव्हे. आणि ‘दाम’ या शब्दाला ‘घामा’चे विशेषण लावून किंमत ही प्रतिष्ठेची बाब केली गेली. ‘पैसा’ हा शब्द स्वतः ना चळवळीचा मित्र असतो ना शत्रू. तो कोणत्या शब्दाशेजारी बसतो यावर सारे ठरते.

१८९४ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय अधिनियमाच्या शीर्षकात ‘वाजवी भरपाई’, ‘पारदर्शकता’, ‘पुनर्वसन’ आणि ‘हक्क’ हे शब्द आहेत. चळवळींनी दशकानुदशके उच्चारलेले शब्द कायद्याच्या नावात उमटले. चळवळीचे वक्तृत्व कशात यशस्वी होते, या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. आणि आत्मसात झालेला शब्द आपली धार राखतो की गमावतो, हा त्यातून निघणारा पुढचा प्रश्न आहे.

७. हिंजवडी : घोषणेविना भाषा

मुळशी धरणाखालून वाहत येणारी मुळा नदी तालुक्याच्या पूर्वेकडे बालेवाडी-वाकडच्या बाजूने पुढे जाते. त्याच भागात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभारले. हिंजवडी आणि माण परिसरातील शेतजमिनींवर आज इन्फोसिस, विप्रो यांसारख्या कंपन्यांच्या इमारती आहेत. येथे मुळशीसारखी सर्वतोमुखी झालेली एखादी घोषणा ऐकू येत नाही. वक्तृत्वाच्या अभ्यासकाने म्हणून येथून निघून जावे काय? उलट, चळवळीची भाषा कोणत्या भाषेवर मात करण्यासाठी जन्मते, हे अशाच ठिकाणी कळते.

या भागात जमिनीविषयी सर्वाधिक ऐकू येणारे क्रियापद ‘जाणे’ हे आहे. ‘आमची जमीन कंपनीत गेली’, ‘एमआयडीसीत गेली’, ‘रस्त्यात गेली’. धरणाच्या बाजूला हेच वाक्य ‘धरणात गेली’ असे आहे. मराठीत माणूस मरतो तेव्हाही आपण ‘गेला’ म्हणतो. ‘जमीन गेली’ या वाक्यात दुःख आहे, पण घेणारा नाही. सरकारी कर्मणी रचनेने कर्ता लपवला होता; शोकाच्या भाषेने तो न विचारताच सोडून दिला. दोन्ही वाक्ये वेगळ्या दिशांनी एकाच ठिकाणी पोहोचतात.

दुसरा शब्द ‘मोबदला’. मूळ अरबी शब्दात अदलाबदलीचा अर्थ आहे. ‘नुकसानभरपाई’ हा शब्द निदान नुकसान झाल्याचे मान्य करतो. ‘मोबदला’ म्हटले की देवघेव होते आणि देवघेवीत कोणाचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. या शब्दाने काहींच्या घरी सुबत्ता आली, हेही अभ्यासकाने प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. बाहेरून येऊन इतरांच्या वतीने दुःखी होण्याचा त्याला अधिकार नाही. मात्र मोबदला ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळतो. मुळशीत कुळाचा प्रश्न जसा ‘भरपाई’त मावला नाही, तसा शेतमजुराचा आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीचा प्रश्न ‘मोबदल्या’त मावत नाही.

येथे चळवळीच्या वक्तृत्वाचे कार्य काय, हे स्पष्ट करता येते. ‘जमीन गेली’ या वाक्याचे ‘जमीन घेतली’ असे रूपांतर करणे हे त्याचे पहिले काम. कारण तेव्हाच ‘कोणी?’ हा प्रश्न व्याकरणाला विचारावा लागतो. ‘जमीन देणार नाही’ हे दुसरे; कारण त्यात बोलणारा स्वतः कर्ता होतो. घोषणा, शपथ, पोवाडा, सत्याग्रहाचा मुहूर्त हे सारे या दोन रूपांतरांसाठी असते. चळवळ यशस्वी होवो वा न होवो, ज्यांच्याविषयी केवळ कर्मणी रचनेत बोलले जात होते त्यांनी काही काळ प्रथमपुरुषी वाक्य उच्चारले, ही घटना भाषेच्या इतिहासात नोंद होण्याजोगी आहे.

८. अभ्यासकाची जबाबदारी

शेवटी अभ्यासपद्धतीविषयी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली साधनांविषयी. मुळशीचे जे शब्द आपल्यापर्यंत आले ते बहुतांशी पुढाऱ्यांचे, संपादकांचे आणि सरकारचे आहेत. धरणाच्या जागी बसलेल्या बाईने काय म्हटले, हे त्या कागदांत क्वचितच सापडते. या संदर्भात गी पोयट्वाँ आणि हेमा राइरकर यांनी पुण्याहून चालविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे महत्त्व मोठे आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात मुळशी तालुक्यातील गावांचाही वाटा आहे. ओवी घोषणा देत नाही; पण ज्या भावविश्वाला घोषणा आवाहन करते त्याची घडण ओवीत दिसते. लिखित आणि मौखिक साधने शेजारी ठेवूनच चळवळीच्या श्रोत्याचे चित्र पुरे होईल.

दुसरी गोष्ट मूल्यमापनाची. लढा हरला म्हणून घोषणा निष्फळ, किंवा हेतू उदात्त म्हणून घोषणा श्रेष्ठ, ही दोन्ही मते वाचन टाळतात. शब्दाने कोणाला एकत्र आणले, कोणाला वगळले, कोणता प्रश्न विचारणे अशक्य केले, हे पाहावयास हवे. ‘मावळा’ या शब्दाने उभारी दिली. त्याच शब्दाने कूळ आणि सावकार यांच्यातील भेद काही काळ झाकलाही. दोन्ही विधाने एकाच वेळी करता येणे ही या अभ्यासाची कसोटी आहे.

तिसरी गोष्ट अभ्यासकाच्या स्वतःच्या भाषेची. संशोधनाच्या लेखनात ‘असे मानले जाते’, ‘विस्थापन घडून आले’ अशी वाक्ये आपण सहज लिहितो. ती निःपक्षपाती वाटतात. प्रत्यक्षात ती संपादनाच्या नोटिशीची व्याकरणिक भावंडे आहेत. चळवळीच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्याने निदान कर्ता गाळताना आपण काय गाळत आहोत, याचे भान ठेवावे. ‘यात वाङ्मय कोठे आहे?’ या प्रश्नाला प्रस्तुत लेखकाचे उत्तर एवढेच आहे : वाक्यात कोण बोलतो आणि कोणाविषयी बोलले जाते, हा भेद ओळखण्याचे शिक्षण वाङ्मयाने दिले. मुळशीच्या खाचरांपासून हिंजवडीच्या रस्त्यांपर्यंत तो भेद जमिनीच्या मालकीइतकाच खरा ठरला आहे.